खापराखालची अंडी: सिक्लिडची जोडी जमली हे ओळखायचं कसं

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे खापरावरची पुरणपोळी होते. त्या वर्षी आजीचं जुनं खापर चुलीवरून उतरवताना निसटलं आणि त्याचे तीन तुकडे झाले. आजी हळहळत बसली. मी मात्र त्यातला तळहाताएवढा, छान बाक असलेला तुकडा उचलला, काजळी घासून काढली, दोन-तीन दिवस बादलीत भिजत ठेवला आणि माझ्या तीन फुटी टँकमध्ये पालथा घातला. टँकमध्ये तेव्हा कॉन्विक्टची सहा पिल्लं वाढत होती. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, कैद्यासारखा दिसणारा हा मध्य अमेरिकेतला, सिक्लिड कुळातला मासा. दुकानात पंचवीस-तीस रुपयांना मिळाला म्हणून आणला होता.

दहा-बारा दिवसांनी सकाळी बघतो तर खापराखालची सगळी वाळू उपसून पुढ्यात ढीग घातलेला. घुशीनं उकरावं तसा. मी हात घालून वाळू सारखी केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी पुन्हा सारखी केली. तिसऱ्या दिवशी दोन मासे एकमेकांची तोंडं धरून गरगर फिरताना दिसले. आई मागून म्हणाली, ‘‘अरे, या भांडी राहिनात, एक मरी जाई.’’ म्हणजे हे भांडताहेत, एक मरणार. मलाही तसंच वाटलं. मी मधोमध काच टाकून दोघांना वेगळं केलं आणि निवांत झोपलो.

सकाळी खापराच्या आतल्या बाजूला अंडी होती. मादीच्या बाजूला खापर, काचेच्या पलीकडे नर. मादी दोन दिवस त्या अंड्यांना परांनी वारा घालत राहिली, तिसऱ्या दिवशी सगळी अंडी कापसासारखी पांढरी पडली. नर जवळ नव्हताच, तर ती फळणार कशी?

तीन दिवस मासे मला सांगत होते आणि मी तीन दिवस त्यांचं घर मोडत होतो.

चिलापी आठवते का?

सिक्लिड हे नाव नवीन वाटलं तरी या घराण्यातला एक मासा तुम्ही नक्की पाहिलाय, बहुतेक खाल्लाही आहे. बाजारात जी चिलापी किंवा तिलापिया मिळते ती सिक्लिडच. आफ्रिकेतली, मोझांबिक तिलापिया म्हणून 1952 मध्ये भारतात आणली गेली आणि मग तलाव-धरणांत अशी पसरली की आता ती इथलीच वाटते. उन्हाळ्यात धरणाचं पाणी ओसरलं की काठच्या गाळात परातीएवढे गोल खड्डे उघडे पडतात. ते गुरांच्या पायाचे नसतात. चिलापीचा नर तोंडानं गाळ उचलून बाहेर टाकतो आणि असा खड्डा करतो. त्यावर उभा राहून तो मादीला बोलावतो आणि दुसरा नर आला की हाकलतो.

या घराण्यात सतराशेहून जास्त जातींची नोंद झाली आहे. बहुतेक आफ्रिकेतल्या आणि अमेरिका खंडातल्या. भारताच्या स्वतःच्या फक्त तीन. त्यातला एक म्हणजे केरळचा करीमीन, 2010 मध्ये त्या राज्यानं त्याला राज्यमासा केलं. त्याच्या शास्त्रीय नावात ‘सुरतेन्सिस’ आहे, म्हणजे आपली तापी जिथं समुद्राला मिळते त्या सुरतेचं नाव. दुकानातले एंजल, ऑस्कर, डिस्कस, पॅरट, फ्लॉवरहॉर्न, आफ्रिकेच्या मलावी सरोवरातले पिवळे-निळे मासे, हे सगळे याच कुळातले.

या कुळाची खासियत म्हणजे लेकरं सांभाळणं. बरेच मासे अंडी टाकतात आणि निघून जातात. सिक्लिड तसं करत नाही. अंडी राखायची, पिल्लं राखायची, म्हणून आधी जागा राखायची. इथंच ओळखीची किल्ली आहे. आपण माशाचा रंग बघतो, पोट बघतो, दुकानदार ‘‘पेअर आहे भाऊ’’ म्हणाला त्यावर विश्वास ठेवतो. माझं मत अनुभवानं उलटं झालंय: आधी जागा बघा, मासे नंतर.

जागा धरली का?

नवीन टँकमधले सिक्लिड इकडून तिकडे फिरत असतात, खायला आलं की सगळे पुढे. मग एक दिवस एखादा मासा एका कोपऱ्यात रेंगाळायला लागतो. तुम्ही दुसऱ्या टोकाला खाणं टाकलं तर येतो, पण दोन घास घेऊन लगेच परत जातो. हे परत जाणं महत्त्वाचं. खाण्यापेक्षा त्याला ती जागा मोलाची झाली आहे.

त्यानंतर जागेवर काम सुरू होतं. कॉन्विक्टसारखे मासे वाळू तोंडात भरून बाहेर थुंकतात. भूक लागलेला मासाही वाळू तोंडात घेतो, पण तो ती तिथल्या तिथे चाळतो, कल्ल्यांतून सोडतो आणि पुढच्या जागी जातो. घर करणारा मासा एकाच जागची वाळू उचलतो, चार बोटं लांब नेऊन टाकतो आणि परत त्याच जागी येतो. पहिला चरतोय, दुसरा खणतोय.

एंजलसारखे मासे खणत नाहीत. ते उभी जागा निवडतात: रुंद पान, पाण्याचा पाइप, हीटरची नळी, कधी टँकची काच. ती जागा दोघं मिळून तोंडानं घासत बसतात, तासन् तास. एखाद्या बाईनं पूजेचं ताम्हन घासावं तसं, पुन्हा पुन्हा त्याच जागी. हिरवं शेवाळ खाणारा मासा सगळीकडे फिरतो. अंड्यांसाठी घासणारा मासा वीतभर जागा सोडत नाही.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे हद्द. एंजलची जोडी जमली की चार फुटी टँकमधले बाकीचे सहा मासे एका कोपऱ्यात चेपून उभे दिसतात. टँकसमोर दोन हात लांब खुर्ची टाकून पंधरा मिनिटं गप्प बसा. काचेला नाक लावू नका, आपण समोर आलो की मासे खाण्याच्या आशेनं वागणं बदलतात. बाकीच्या माशांना कुठून हाकललं जातंय, एवढंच लक्षात ठेवा. त्या सगळ्या जागा मनात जोडल्या की जोडीच्या घराची सीमा समजते आणि तिच्या मधोमध अंड्यांची जागा असते. आपल्याकडे शेताच्या बांधावरून भाऊ-भाऊ कोर्टात जातात, त्यामुळे हे समजायला खान्देशात अवघड जाऊ नये.

भांडण की सोयरीक?

आता तो तोंडाला तोंड धरण्याचा प्रकार. यात माझ्यासारखे पुष्कळ फसतात, कारण दोन्ही वेळा हालचाल तीच असते. सिक्लिडमध्ये सोयरीक भांडणातूनच होते. आपल्या बरोबरीनं घर राखू शकेल असा जोडीदार हवा, म्हणून ताकद अजमावली जाते. दोघं अंगाची बाजू दाखवत उभे राहतात, सगळे पर ताणून, कल्ल्यांची झाकणं फुगवून. मग एक जण शेपटीचा जोरदार फटकारा मारतो, पण तो दुसऱ्याच्या अंगाला लागतच नाही. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना पाण्याचा दाब ओळखणारी एक रेघ असते. फटकाऱ्यानं ढकललेलं पाणी त्या रेघेवर आपटतं आणि समोरच्याला कळतं की हा गडी किती दमाचा आहे. त्यानंतर अंगाला थरथर, डोकं खाली करून झटके, आणि शेवटी तोंडात तोंड.

फरक ओळखायचा तर जिंकणाऱ्याकडे बघू नका, हरणाऱ्याकडे बघा. सोयरीक असेल तर काही सेकंदांत दोघं सुटतात आणि दोघंही त्याच जागी परततात. एकानं फटकारा मारला की दुसराही मारतो, हिशोब बरोबरीचा राहतो. भांडण असेल तर सुटल्यावर एक जण पळतो आणि दुसरा पाठलाग करतो. पळालेला मासा हीटरमागे किंवा वरच्या कोपऱ्यात तिरका उभा राहतो, पर मिटलेले, रंग उडालेला, खायला न येणारा. त्याच्या परांच्या कडा फाटलेल्या दिसल्या, खवले निघालेले दिसले की वाट बघू नका, त्याच दिवशी वेगळं करा. नर तयार आणि मादी तयार नाही, आणि टँक छोटा, अशा वेळी रात्रीत मादी मेलेली मिळते. नदीत ती पळून गेली असती. दोन फुटी टँकमध्ये पळणार कुठं?

मग माझी काच चुकली का? काच घालणं चुकलं नाही, पूर्ण बंद घातली हे चुकलं. आज मी तळाशी अशी फट ठेवतो की बारकी मादी निघून जाईल आणि थोराड नर अडकेल. किंवा भोकाभोकांची प्लास्टिकची जाळी लावतो. दोघं जाळीच्या दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या जवळ येऊन उभे राहू लागले, एकाच वेळी थरथरू लागले, की जाळी काढायची.

रंग, नळी आणि पेअरची थाप

रंगाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण रंग फसवतो. पाळलेल्या माशांत नर भडक आणि मादी फिकी हा आपला समज गप्पीवरून झालेला असतो. कॉन्विक्टमध्ये मादीच्या पोटावर केशरी झाक असते, नराच्या नाही. क्रिबेन्सिस या आफ्रिकेच्या छोट्या सिक्लिडमध्ये मादीचं पोट जांभळट-लाल होतं आणि तीच अंग कमानीसारखं वाकवून नरापुढे थरथरते, म्हणजे मागणी घालते. एंजल आणि ऑस्करमध्ये तर रंगावरून काहीच कळत नाही. शिवाय सिक्लिडचा रंग मनाबरोबर बदलतो. आफ्रिकेतल्या एका जातीत दबलेल्या नराला मोकळी जागा मिळाली की काही मिनिटांत त्याचे रंग चढतात.

त्यापेक्षा भरवशाची खूण म्हणजे पोटाखाली, गुदद्वाराच्या मागे बाहेर येणारी नळी. एरवी दिसत नाही, अंडी घालायच्या एक-दोन दिवस आधी दिसते. मादीची जाड आणि बोथट, नराची बारीक, टोकदार आणि पुढे झुकलेली. दोघांच्या नळ्या दिसल्या की घड्याळ लावून बसायला हरकत नाही.

दुकानातल्या पेअरचं मात्र काय सांगावं. एंजलच्या दोन माद्याही एकमेकींबरोबर जोडी करतात, जागा घासतात, अंडी घालतात, राखतात. सगळं यथासांग. फक्त अंडी दोन दिवसांत पांढरी पडतात. एका जागी नेहमीच्या दुप्पट अंडी दिसली तर हा संशय आधी घ्या. खात्रीची जोडी हवी तर सहा पिल्लं एकत्र वाढवा आणि त्यांना त्यांचं त्यांचं जमवू द्या. वेळ लागतो, पण फसवणूक होत नाही. फ्लॉवरहॉर्न आणि पॅरट तर माणसानं संकर करून काढलेले मासे. कपाळावरच्या टेंगळाला शुभ मानून आपल्याकडे दुकानात, हॉटेलच्या गल्ल्यामागे फ्लॉवरहॉर्न ठेवतात. त्याची मादी नर नसतानाही अंडी घालते, आणि पॅरटचे नर बहुधा निकामी असतात. तिथं वागणुकीच्या सगळ्या खुणा बरोबर असूनही पिल्लं निघत नाहीत, यात तुमची चूक शोधू नका.

तोंडात लेकरं

मलावी सरोवरातल्या माशांचा खेळच निराळा. इथं जोडी टिकत नाही. नर जागा धरतो, रंगानं पेटून उठतो, येणाऱ्या प्रत्येक मादीपुढे थरथरत तिला आपल्या दगडापाशी नेऊ बघतो. दोघं गोल गोल फिरायला लागले, एकाचं डोकं दुसऱ्याच्या शेपटीशी, की बघत राहा. मादी एखाददुसरं अंडं टाकते आणि वळून लगेच तोंडात घेते. नराच्या खालच्या मागच्या परावर पिवळसर गोल ठिपके असतात, अगदी अंड्यांसारखे. मादी त्या ठिपक्यांना टोचायला जाते, त्याच वेळी नर बीज सोडतो आणि अंडी तिच्या तोंडातच फळतात. हे ठिपके म्हणजे नकली अंडी आहेत, ही कल्पना वोल्फगांग विकलर या जर्मन प्राणीवर्तनतज्ज्ञानं 1962 मध्ये मांडली. पुढच्या संशोधनात असंही दिसलं की काही जातींत हे ठिपके दुसऱ्या नराला दबकवायलाही उपयोगी पडतात.

हा सोहळा तासा-दोन तासांत उरकतो आणि बहुतेकांना दिसतच नाही. दिसते ती नंतरची मादी. ती अचानक जेवण सोडते. खाणं टाकलं की पुढे येते, बघते आणि तोंड मिटून परत जाते. हनुवटीखालचा भाग पिशवीसारखा खाली उतरलेला असतो, आणि मधूनच जबडा हलतो, सुपारी चघळत असल्यासारखा. ती अंडी फिरवत असते, म्हणजे सगळ्यांना ताजं पाणी मिळतं. येलो लॅबसारख्या पिवळ्या माशात अंडी थोडी असतात, दहा ते तीस, आणि साधारण तीन ते चार आठवडे ती तोंडातच राहतात. एवढे दिवस बाई जवळपास उपाशी. चिलापीही याच गटातली, पण तिचं काम दोन आठवड्यांच्या आत होतं आणि मोकळी सोडलेली पिल्लं धोका दिसला की परत आईच्या तोंडात शिरतात.

इथं एक गोंधळ जिवावर बेतू शकतो. मलावीच्या माशांना पोट फुगण्याचा एक वाईट आजार होतो, त्यातही मासा जेवण सोडतो आणि कोपऱ्यात जातो. फरक जागेचा आहे. अंडी असतील तर फुगवटा गळ्याला असतो, पोट उलट खपाटीला जात राहतं. आजार असेल तर पोट फुगतं, गळा जसाच्या तसा, आणि विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी लोंबते. अंडी तोंडात असलेली मादी घास बघायला तरी येते. आजारी मासा वळूनही बघत नाही.

आणि मे महिन्यातली आमच्याकडची फसगत वेगळीच. भुसावळ-जळगावात पारा पंचेचाळीसला टेकतो, टँकचं पाणी बत्तीस-तेहतीसच्या वर जातं. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी. मग सगळेच मासे जबडा हलवत वर येतात आणि एखादा नवशिका फोन करून सांगतो की सगळ्या माद्यांच्या तोंडात अंडी आहेत! एक मादी करत असेल तर अंडी. सगळे करत असतील तर एअर पंप बघा, लाइट गेलेली असेल.

अशीच एक गफलत दगडाला अंग घासण्याची. जागा साफ करणारा मासा तोंड लावतो. अंगाची कूस दगडावर झटकन घासून पळणाऱ्या माशाला खाज सुटली आहे, त्याला बहुधा परजीवी लागलेत. त्याचं लग्न ठरलेलं नाही.

अंडी घातली, आता?

खापरावर किंवा पाइपावर अंडी घालताना मादी पोट टेकवत सरळ रेषेत जाते, आमच्याकडे पाटावर सांडगे घालतात तशी एकेक ओळ. तिच्या मागोमाग नर त्याच ओळीवरून जातो. मग एक जण अंड्यांसमोर उभा राहून छातीच्या परांनी सतत पाणी हलवतो आणि दुसरा सीमेवर फिरतो. कॉन्विक्टमध्ये बहुतेक मादी आत, नर बाहेर. पांढरं पडलेलं अंडं ते टिपून काढतात, ते बघून ‘‘मासे अंडी खाताहेत’’ म्हणून घाबरू नका. चांगली अंडी मधाळ, पारदर्शक असतात. सत्तावीस-अठ्ठावीस अंश तापमानाला एंजलची अंडी साधारण अडीच दिवसांत फुटतात, कॉन्विक्टची तीन दिवसांच्या आसपास. आतून शेपट्या वळवळायला लागतात. आईबाप ती वळवळणारी पिल्लं तोंडात भरून आधीच खणून ठेवलेल्या खड्ड्यात नेऊन ठेवतात. मालकाला वाटतं की अंडी गायब, खाऊन टाकली. खड्डे बघा, बहुतेक तिथं सापडतील. आणखी चार-पाच दिवसांनी पिल्लं पोहायला लागतात.

क्रिबेन्सिसमध्ये यातलं काहीच समोर घडत नाही. मादी गुहेत शिरते आणि दोन-चार दिवस जवळपास दिसत नाही, नर दारात उभा. कधी कधी मादी हरवली म्हणून शोधायला गुहा उचलली जाते आणि सगळं संपतं. न दिसणं हीसुद्धा खूणच आहे.

पहिल्या एक-दोन वेळा आईबापांनी अंडी खाल्ली तर रागावू नका, विशेषतः रॅम (दक्षिण अमेरिकेतला छोटा सिक्लिड) आणि एंजल. नवखी जोडी शिकते. एंजलची अंडी लोक काढून वेगळी उबवतात, ते जमतं. डिस्कसच्या बाबतीत मात्र ही घाई करू नये, कारण त्याची पिल्लं पहिले काही दिवस आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव टिपून जगतात.

पिल्लं निघाल्यावर आईबाप त्यांच्याशी बोलतात, हे शब्दशः घ्या. धोका दिसला की मोठा मासा पोटाखालचे पर झटपट उघडझाप करतो आणि अख्खा ढग खाली बसतो, वाळूला चिकटतो. संध्याकाळी ते पिल्लं तोंडात भरभरून खड्ड्यात झोपायला नेतात. म्हणून दिवा एकदम बंद करू नका. लोडशेडिंगमध्ये अचानक अंधार झाला की पिल्लं विखुरतात. मी खोलीत झिरोचा दिवा इन्व्हर्टरवर ठेवतो. फिल्टरच्या तोंडाला स्पंज बांधायचा आणि टँकमध्ये हात घालायचा नाही. खायला नुकतीच उबवलेली आर्टेमिया, म्हणजे कोळंबीच्या जातीतले बारीक जीव. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक चालतो, पण सुईच्या टोकावर मावेल एवढाच, नाहीतर पाणी सडतं.

पाण्याचं म्हणाल तर आमचं बोअरचं पाणी जड, किटलीत पांढरा थर धरणारं. मलावीच्या माशांना आणि कॉन्विक्टला ते मानवतं. एंजल, रॅम, डिस्कस हे ॲमेझॉन-ओरिनोकोकडच्या मऊ पाण्यातले. जोडी जमते, अंडी पडतात, पण जड पाण्यात पुष्कळदा फुटत नाहीत. तिथं आरओचं पाणी मिसळून बघा. नळाचं पाणी चार-आठ दिवसांआड येतं आणि त्याला क्लोरीनचा वास मारतो, ते टाकीत दोन दिवस उघडं ठेवून मगच वापरा. हेच पाणी टँकपेक्षा अंशभर गार असेल आणि एक तृतीयांश बदललं, तर दक्षिण अमेरिकेच्या माशांना पाऊस पडल्यासारखं वाटतं. बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घासणं सुरू होतं. धुळ्याकडच्या डिसेंबरात मात्र हीटरशिवाय काहीही होणार नाही. पंधरा-सोळा अंशांच्या पाण्यात मासा जीव सांभाळेल की संसार थाटेल?

माझ्या कॉन्विक्टनी महिन्याभरात पुन्हा वाळू उपसली. या वेळी मी हात मागे बांधून बसलो. तोंडाला तोंड लागलं, आई पुन्हा तेच म्हणाली, मी फक्त मादी कुठं जाते ते बघत राहिलो. ती खापराखाली गेली, नर तिच्या मागे. दहा दिवसांनी टँकमध्ये दीडशेच्या वर पिल्लं होती. शेजाऱ्यांना दिली, दुकानदारानं एकदा फुकटात घेतली, दुसऱ्यांदा नको म्हणाला. नदीत सोडायचा सल्ला दोघा-तिघांनी दिला, पण चिलापीचं काय झालं ते डोळ्यांसमोर असताना तापीत आणखी एक परका मासा सोडायला मन धजलं नाही.

शेवटी मी खापर काढून माळ्यावर ठेवलं. घर काढून घेतलं की संसार थांबेल, असा हिशोब. आठवड्याभरात फिल्टरच्या पाइपाखालची वाळू उपसलेली दिसली.